रोजमेळ, खतावणी आणि कादंबरी

कादंबरी लिहायला घेतलेल्या माणसाला लोक विचारतात, 'कशावर आहे?' आणि मग, 'कधी येणार?' 'कशी लिहिताय?' असं सहसा कोणी विचारत नाही. विचारलंच तर लेखक अवघडतो. आपल्याकडे कादंबरी सुचते, लेखकाला झपाटते, हाताला धरून स्वतःला लिहून घेते. तिचा आराखडा काढला, मोजमाप केलं, दोनदा पाडून तिसऱ्यांदा उभी केली, हे सांगायची लाज वाटते. प्रतिभा कमी पडली असावी, अशी शंका ऐकणाऱ्याला यायची!

नागपूरच्या लकडगंजातले एक मुनीमजी याला अपवाद आहेत. लाकडाच्या टालावर हिशेब लिहिण्यात त्यांची सारी हयात गेली. आता हिशेब संगणकावर टॅलीत असतो, पण लाल कापडी बांधणीच्या जुन्या वह्या त्यांच्या टेबलामागच्या फळीवर अजून आहेत. या टालाची कादंबरी लिहायची हे त्यांच्या मनाने घेतलं, त्याला बरीच वर्षं झाली. कशी लिहायची याचे त्यांनी जितके प्रयोग केले, तितके आमच्या ओळखीतल्या एकाही नामवंताने केले नसतील. निदान कबूल तरी केलेले नाहीत. 'माझं नाव छापू नका,' ही त्यांची एकच अट. 'पुस्तक आलं तर छापा. नाही आलं तर मी मुनीमच बरा.'

लकडगंज इतवारीला लागून आहे. सेंट्रल अव्हेन्यूवर डोक्यावरून मेट्रो जाते, आणि टेलिफोन एक्स्चेंज चौकात उतरून आत वळलं की आरामशीनचा आवाज लागतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान इथं येतं, तसं कांडला बंदरातून आलेलं परदेशी सागवानही येतं. गादीवर कच्छी आणि गुजराती, हमालांत छत्तीसगढी, सुताराशी भाव करताना हिंदी, आणि या सगळ्यांच्या मधून नागपुरी मराठी. म्हणजे कादंबरीला लागणारा कच्चा माल दारातच पडलेला. मुनीमजींची अडचण निराळीच होती.

पहिल्यांदा ते सगळे लिहितात तसेच लिहायला बसले. नायकाचा जन्म, नायकाचे वडील, गाव, दुष्काळ, शाळा. १४० पानं झाली आणि थांबली. 'पोरगं मॅट्रिकच होऊन नाही राह्यलं, भाऊ,' ते म्हणाले. 'लकडगंजात येईन कवा?' कुळकथेपासून सुरुवात करण्याची आपली सवय जुनी आहे आणि तिने पुष्कळ हस्तलिखितं गिळली आहेत.

मग त्यांनी हप्त्यांचा मार्ग धरला. शाळासोबत्यांचा व्हॉट्सॲप गट होता, त्यावर दर रविवारी एक प्रकरण. या वाटेला मराठीत थोर पूर्वज आहेत. हरि नारायण आपटे यांनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः लोकांसमोर आली. आठवड्याला मजकूर द्यायचाच, छापखाना थांबत नाही, ही सक्ती हरिभाऊंना मानवली. तिची नायिका यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. वाचकही तिच्याबरोबर आठवड्या-आठवड्याने पुढे जातो. काळ जिथे पात्राचा छळ करतो, तिथे हप्ता ही नुसती छपाईची सोय राहत नाही, ती कथेचीच चाल होते. पण हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, हे विसरून चालणार नाही. हप्ता पुढे ढकलतो, शेवट मात्र देत नाही.

मुनीमजींच्या गटातले सोबती मोठे रसिक निघाले. अंगठे, फुलं, 'पुढे काय?' या 'पुढे काय?'ने घात केला. प्रत्येक रविवारच्या शेवटी काहीतरी घडलंच पाहिजे, असं मुनीमजींना वाटू लागलं. 'दोनदा आग लावली मी आरामशीनले. एका टालाले माणूस किती वेळा जाळनार?' त्यांनी गटाला तब्येतीचं कारण सांगितलं आणि हप्ते बंद केले.

पुढचा प्रयोग अमेरिकेतून आला, पुतण्याने दाखवला. १९९९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी या तरुणाने २१ जणांना जमवून एक खूळ काढलं होतं: एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी. रोजचे १,६६७ शब्द. चांगलं-वाईट बघायचं नाही, मागे वळून दुरुस्ती करायची नाही. खूळ जगभर पसरलं आणि दर नोव्हेंबरला लाखो लोक लिहायला बसू लागले. ती संस्था २०२५मध्ये बंद पडली, पण महिन्याचा वायदा करून लिहायची रीत राहिली. मला यातली आवडलेली गोष्ट अशी की, पहिल्या वर्षी हा उद्योग जुलैत झाला होता. हवा वाईट असते, घरात बसावंच लागतं, म्हणून दुसऱ्या वर्षी तो नोव्हेंबरात नेला. आपला नोव्हेंबर म्हणजे दिवाळी, तुळशीचं लग्न आणि पाठोपाठ खरी लग्नं. दारं-खिडक्या, पलंग, सोफे यांच्या ऑर्डरी तेव्हाच येतात. मुनीमजींनी महिना आपल्या पंचांगातून निवडला. पावसाने बांधकामं मंदावलेली असतात, गिऱ्हाईक तुरळक असतं, त्या दिवसांत ते पहाटे उठून लिहीत राहिले. महिना संपला तेव्हा घरात कागदांचा ढीग झाला होता. 'माल उतरला,' ते म्हणाले, 'पन थप्पी नाही लागली.'

झपाट्याने लिहिण्याचा विषय निघाला की मराठीत 'कोसला'चं नाव निघतंच. भालचंद्र नेमाडे यांनी पंचविशीत काही आठवड्यांत ती लिहून काढली आणि १९६३मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने छापली. ही हकीकत इतक्यांदा सांगितली गेली आहे की, दार लावून बसलं की कादंबरी होते, असा तरुण लेखकांचा समज झाला. 'कोसला' नीट वाचली तर त्या झपाट्याच्या आत केवढी रचना आहे ते दिसतं. पांडुरंग सांगवीकरची सरळ सांगी मध्येच डायरी होते, मध्येच दूरच्या भविष्यातल्या इतिहाससंशोधकांची नक्कल होते. ही उडी आयत्या वेळी सुचत नाही. डोक्यात आधी वर्षानुवर्षं भाषेची खटपट झालेली असते. आणि याच नेमाड्यांची 'हिंदू' जवळपास तीन दशकं नुसती चर्चेत होती, ती २०१०मध्ये आली. लेखक एकच, पण एक पुस्तक आठवड्यांचं आणि दुसरं दशकांचं. मग कोणती पद्धत नेमाड्यांची म्हणायची? माझ्या मते पद्धत लेखकाची नसते, त्या त्या पुस्तकाची असते. एका पुस्तकात जमलेली दुसऱ्यात चालेलच असं नाही.

नागपुरात तर संथ चालीचं उदाहरण आहेच. शरच्चंद्र मुक्तिबोधांची 'क्षिप्रा' १९५४मध्ये आली, 'सरहद्द' १९६२मध्ये, आणि 'जन हे वोळतु जेथें' १९६९मध्ये. तीन भागांना पंधरा वर्षं. त्यांच्याच काळात ग. त्र्यं. माडखोलकर 'तरुण भारत'चं संपादकपद सांभाळत कादंबऱ्या लिहीत होते, अग्रलेखाच्या शाईतच. आणि या सगळ्याकडे चष्म्यातून बघणाऱ्या कुसुमावती देशपांडे इथेच इंग्रजी शिकवत होत्या. त्यांचा 'मराठी कादंबरी: पहिले शतक' हा दोन भागांतला अभ्यास १९५३-५४मध्ये आला. शंभर वर्षांतल्या कादंबऱ्या एकापुढे एक ठेवून, कोण रचनेत फसलं आणि कोणाला रचनेने तारलं, हे बघण्याची शिस्त त्यात आहे. विदर्भात लेखनाच्या कार्यशाळा आता गल्लोगल्ली होतात. त्यात परदेशी पुस्तकांतल्या आकृत्या पडद्यावर दाखवतात, कुसुमावतींचं नाव क्वचित घेतात.

त्या आकृत्यांपैकी एक मुनीमजींनीही करून पाहिली. रँडी इंगरमन्सन या भौतिकशास्त्र शिकलेल्या अमेरिकन कादंबरीकाराची 'स्नोफ्लेक' पद्धत: आधी अख्खी कादंबरी एका वाक्यात सांगायची, मग त्या वाक्याचा परिच्छेद, परिच्छेदाचं पान, असं वाढवत न्यायचं. त्यांची गाडी पहिल्या वाक्यालाच अडली. वाक्यात नायक हवा, त्याला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि मध्ये कोणीतरी आडवं आलं पाहिजे. 'टालावर चाळीस लोक हायेत. त्याइच्यातला कोन घेऊ?' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. बाहेरून येणाऱ्या बहुतेक आराखड्यांत एक माणूस आणि त्याची एक इच्छा गृहीत धरलेली असते. बाजाराला अशी एक इच्छा नसते.

मी त्यांना दोन-तीन पुस्तकांची नावं सांगितली. अरुण साधूंची 'मुंबई दिनांक' (१९७२). साधू परतवाड्यात जन्मलेले, म्हणजे आमच्याकडचेच. २००७च्या नागपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. मंत्रालयापासून रस्त्यापर्यंतची माणसं त्यांनी या कादंबरीत एकमेकांच्या वाटेत आणून सोडली आहेत. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाची १९७८ची 'लाइफ: अ युजर्स मॅन्युअल' तर पॅरिसमधल्या एकाच इमारतीवर आहे. त्याने इमारतीचा दहा गुणिले दहा चौकटींचा पट मांडला आणि बुद्धिबळातला घोडा चालतो तशी खोल्यांची क्रमवारी लावली, प्रकरणं ९९. मुनीमजींना घोडा आवडला. त्यांनी टालाचा नकाशा काढला: गादी, काटा, आरामशीन, भुशाची खोली, चहाची टपरी, मागचं फाटक. मग प्रत्येक जागेचे छोटे प्रसंग पत्रिकांच्या पाठकोऱ्या कार्डांवर लिहिले. नाबोकोव्ह 'लोलिता' अशाच कार्डांवर लिहीत होता, हे मी सांगितल्यावर त्यांना काही वाटलं नाही. म्हाइंभटांचं सांगितल्यावर मात्र ते ताठ बसले.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'चं काम केलं. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांना गाठायचं, ऐकायचं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं आणि मग लिहायचं. एकेक लीळा लहान, कुठे घडली त्या जागेसकट. मराठी गद्याची सुरुवातच मुळी सुट्या प्रसंगांच्या गोळाबेरजेने झाली आहे, आणि ती गोळाबेरीज करणारा माणूस वणवण फिरला आहे. मूळ प्रत पुढे हातची गेली आणि स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली, असं परंपरा सांगते. मुनीमजींनी तेव्हापासून जुन्या हमालांना आणि निवृत्त आराकशांना चहाला बोलवायला सुरुवात केली. कार्डं वाढत गेली. पण कार्डं मांडायची कशी, हा प्रश्न तसाच होता. घोड्याची चाल पेरेकच्या इमारतीत शोभते, कारण तिथला काळ एका क्षणावर गोठलेला आहे. टालाला चाळीस वर्षांचा काळ चालवायचा होता.

उत्तर त्यांच्या पाठीमागच्या फळीवरच होतं. आपल्या जुन्या हिशेबात दोन वह्या असतात. रोजमेळात दिवसाच्या क्रमाने सगळं येतं: आज काय आलं, काय गेलं, कोणाला दिलं. खतावणीत तेच पुन्हा माणसांनुसार जातं. एकेका नावाचं खातं, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. रोजमेळ वाचला की दिवस कळतो, खतावणी वाचली की माणूस कळतो. मुनीमजींनी दोन कोऱ्या वह्या घेतल्या. पहिलीत कादंबरीत घडणारं सगळं तारीखवार, एका ओळीत एक घटना. दुसरीत प्रत्येक पात्राचं खातं. त्यात पैशांऐवजी उपकार, अपमान, दिलेला शब्द, लपवलेली गोष्ट. आणि एक नियम, जो मला त्यांच्या सगळ्या खटाटोपाचा गाभा वाटतो: नोंद दुहेरी पाहिजे. ज्या प्रसंगाने एकाच माणसाच्या खात्यात फरक पडतो, तो प्रसंग कादंबरीत नको. एकाच्या जमेला काही आलं तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडलंच पाहिजे.

हे कसं चालतं ते त्यांनी मला एका प्रकरणावर दाखवलं. ट्रकमधून गोल माल उतरतो आहे. गोल लाकडाचं माप घ्यायची व्यापारातली रीत अशी: घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, आणि लांबीने गुणायचं. दहा फूट लांब, चार फूट घेर, म्हणजे दहा घनफूट. भूमितीने ते पावणेतेराच्या आसपास यायला हवं, पण चिराईत जाणारी घट धरून ही रीत पडलेली आहे. आता टेप सालीवरून गुंडाळायची की साल सोडून? साल अर्धा इंच जाड असेल तर घेर तीन इंचांनी कमी भरतो आणि दहाचे पावणेनऊ होतात. सव्वा घनफूट नुसत्या सालीचं. प्रकरणात नवा पोऱ्या सालीवरून माप सांगतो. माल देणारा गप्प राहतो. मालक बघतो आणि तोही गप्प राहतो, कारण पोऱ्याच्या बापाने कधीकाळी त्याची लाज राखलेली असते. सव्वा घनफुटाचं नुकसान मालक मुकाट सोसतो.

रोजमेळात ही एक ओळ आहे: तारीख, ओंडका, माप. खतावणीत ती तीन खात्यांवर गेली आहे. पोऱ्याला तर आपल्या नावे काही पडलं आहे, हेच माहीत नाही. ते त्याला कळतं पुष्कळ प्रकरणांनंतर, जेव्हा तो स्वतः फाटकाशी टेप धरून उभा असतो. पहिल्या मसुद्यात हाच प्रसंग चार पानांच्या भांडणाचा होता, आरडाओरडा आणि मध्यस्थी सगळं असलेला. आताचा दीड पानाचा आहे आणि त्यात जवळजवळ कोणी बोलत नाही. मी दोन्ही वाचले. दुसरा कितीतरी वजनदार आहे.

याहून महत्त्वाचं काम खतावणीने नकळत केलं. पहिल्या मसुद्यातल्या सगळ्या पात्रांची खाती उघडल्यावर बायकांची पानं कोरी निघाली. आराकशाची बायको रोजमेळात जागोजाग होती आणि प्रत्येक ठिकाणी तिची नोंद एकच: डबा आणला. 'पंधरा वर्ष नुसता डबा आनून राह्यली होती ते,' मुनीमजी म्हणाले. नवऱ्याची बोटं मशीनमध्ये गेल्यावर मालकाशी भरपाईचं बोलणं कोणी केलं, घर कोणी चालवलं, याचा त्यांनी विचारच केला नव्हता. त्या कोऱ्या पानासाठी त्यांनी उद्धव शेळक्यांची 'धग' पुन्हा काढली. १९६०च्या त्या कादंबरीतली कौतिक एकटीच्या कष्टावर संसार ओढते, आणि शेळक्यांनी तिला कुठेही कोणाच्या दयेवर सोडलेलं नाही. आता मुनीमजींच्या वहीत आराकशाच्या बायकोचं खातं सगळ्यांत लांब आहे.

या पद्धतीवर माझा आक्षेप आहे आणि तो मी त्यांना सांगितला. सगळ्याच गोष्टी देण्याघेण्याच्या नसतात. माणूस उगाच हसतो, उगाच एखाद्यावर जीव लावतो, विनाकारण दुष्टपणा करतो. त्याला समोरची बाजू नसते. श्याम मनोहरांच्या कादंबऱ्यांतली माणसं अशा विनाकारणावरच तर जगतात. दुहेरी नोंदीचा नियम काटेकोर पाळला तर कादंबरी चोख होईल, पण तिच्यातून वारा जायचा नाही. मुनीमजींनी ऐकून घेतलं, आणि रोजमेळाची वही पुढे सरकवली. त्यात काही ओळींपुढे पेन्सिलने फुली होती. या ओळी खतावणीत जायच्या नाहीत. एक हमाल दर पोळ्याला गावी न जाता टालावरच झोपतो, अशी एक ओळ होती. का झोपतो हे कादंबरी सांगणार नाही. अशा फुल्या अजून थोड्या वाढवा, एवढंच मी म्हटलं.

सध्या वाद चालू आहे तो भाषेचा. संवाद ज्याच्या त्याच्या भाषेत राहतील, यावर आमचं एकमत आहे. 'धग'नेच ती वाट पाडून दिली आहे: निवेदन प्रमाण, बोलणं वऱ्हाडी. पण मुनीमजींना निवेदनही नागपुरी ठेवायचं आहे. पुरुषोत्तम बोरकरांच्या १९८७च्या 'मेड इन इंडिया'ने हे धाडस केलं होतं. मात्र तिथे नायक स्वतःच वऱ्हाडी ठसक्यात आपली गोष्ट सांगतो, म्हणून ते शोभतं. इथे चाळीस माणसांवरून नजर फिरवणारा निवेदक आहे. तो कोण, आणि तो असा का बोलतो? याचं उत्तर आधी हवं, असं माझं मत. त्यांनी मोबाइलवर बोलून लिहायचाही प्रयत्न केला. यंत्र 'कायले'चं काहीबाही करतं, मग प्रत्येक ओळ हाताने दुरुस्त करावी लागते. बोलण्याने वेळ वाचतो म्हणून सुरू केलेलं काम दुप्पट झालं. तूर्त पहिली दोन प्रकरणं त्यांनी दोन्ही तऱ्हांनी लिहून ठेवली आहेत.

ती एका प्रकाशनाच्या माणसाने वाचली. त्याला नागपुरी प्रत आवडली, फक्त 'करून राहिला', 'बोलून राहिली' हे सगळीकडे सुधारून घेऊ, असं तो म्हणाला. पुण्या-मुंबईच्या वाचकाला खटकतं. मुनीमजींनी दोन्ही प्रती पुन्हा पिशवीत घातल्या. म्हणाले, 'सुधरवा ना, काही हरकत नाही. पन मंग आमच्या मालकाची कच्छी पयले सुधरवा. मी त्याहिले सांगून ठेवतो, तुमी येऊन राह्यले म्हनून.'